थिन पूलचा मेटाडेटा: चालू पूल वाढवायचा की बंद करून दुरुस्त करायचा?

लिनक्सच्या एलव्हीएममध्ये (डिस्कची जागा वाटून देणारी सोय) थिन पूल म्हणजे लागेल तशी जागा देणारा साठा. त्यात डेटाची निम्मी जागा रिकामी असली, तरी स्नॅपशॉट (एखाद्या क्षणीच्या प्रती) फार झाले की मेटाडेटा, म्हणजे कुठला डेटा कुठे आहे याची नोंद, भरू शकतो.

‘एलव्हीएस’ ही कमांड मेटाडेटा ८० टक्के भरलेला दाखवत असेल तर ‘एलव्हीएक्स्टेंड’ने चालू पूलच्या मेटाडेटालाच १ जीबी जोडा. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पूल ज्यातून जागा घेतो त्या डिस्कच्या गटात) जागा मात्र हवी. मेटाडेटाची कमाल मर्यादा सुमारे १६ जीबी.

मेटाडेटा पुरता संपला की पूल रीड-ओन्ली होतो, त्यावर तपासणीची खूण पडते आणि नुसतं वाढवून भागत नाही. सगळं अनमाउंट करून पूल निष्क्रिय करा, मग ‘एलव्हीकन्व्हर्ट’ची दुरुस्ती चालवा. ती राखीव व्हॉल्यूममध्ये नवा मेटाडेटा लिहिते. जुना ‘मेटा०’ नावाने उरतो. तो लगेच उडवू नका. त्यानंतर मेटाडेटाचा आकार वाढवा, फाइल सिस्टिम तपासा.

ऑटोएक्स्टेंडचा, म्हणजे पूल आपोआप वाढवण्याच्या सोयीचा, उंबरठा मुळात १०० टक्के असतो, म्हणजे बंदच. ७० ठेवा.