पन्हळ उन्हाळ्यातच करून घ्या: सातपूरच्या पन्हळवाल्या मामांचं काम

आमचं घर नाशिकला, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, सासऱ्यांनी बांधलेलं, मंगलोरी कौलांचं. पुढच्या उताराला ३२ फुटांची पत्र्याची पन्हळ आहे आणि तिच्यावर शेजारच्यांचा कडुनिंब. सावली हवीशीच वाटते, पण पाचोळा सगळा आमच्या पन्हळीत येतो. गेल्या वर्षी जूनमध्ये, पहिला पाऊस होऊन गेल्यावर, घाईघाईने एकाला बोलावलं. त्याने वरवरचा कचरा उचलला, ओल्या पत्र्यावरच सिलिकॉन फासलं आणि पैसे घेऊन गेला. आषाढ संपायच्या आत ते सालपटासारखं सुटून हातात आलं. सासूबाईंच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली झाली. त्यांना दमा आहे, आणि त्या खोलीतला ओलीचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. म्हणून यंदा फेब्रुवारीतच चौकशीला लागले.

सातपूर एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत पत्राकामाचं एक छोटं वर्कशॉप आहे. पाटी नाही. चहाच्या टपरीवर ‘पन्हळवाले मामा’ म्हणून विचारलं की दाखवतात. मामांनी आधी विचारलं, झाड कसलं आहे. कडुनिंब म्हटल्यावर म्हणाले, “ताई, आत्ता नका काढू. आत्ता पानं गळतायत, मग मोहोर गळेल. अक्षय तृतीया होऊ द्या, एकदाच काढू.” आलेलं काम तीन महिने पुढे ढकलणारा माणूस मला तिथेच पटला.

आले ते ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा, पण सकाळी सातला. अकराच्या पुढे पत्रा हात लावू देत नाही, म्हणून काम दोन सकाळींत केलं. पन्हळीतला गाळ वाळून विटेसारखा झाला होता. तो त्यांनी खुरप्याने खरवडला नाही. तेलाचा प्लॅस्टिकचा कॅन पन्हळीच्या गोलाईत कापून घेतला होता, त्याने ओढला. लोखंडाने खरवडलं की पत्र्यावरचं जस्त निघतं आणि गंज तिथूनच धरतो. अडीच गोण्या गाळ निघाला. पावसाळ्यात हाच गाळ भिजून किती जड झाला असता! त्या वजनानेच पन्हळ मधोमध खाली आली होती. मामांनी पातळी बघायची पाण्याची नळी लावून दाखवलं, “पोट आलंय हिला.” चांगलं इंचभर होतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की त्यांनी साफसफाईपेक्षा उताराला जास्त वेळ दिला. दहा फुटाला अर्धा इंच उतार धरला. आधी हुक तीन-तीन फुटांवर होते, ते दोन फुटांवर घेतले. एका जोडात उताराच्या खालच्या बाजूचा तुकडा वरच्या तुकड्याच्या पोटात गेला होता, म्हणजे वाहतं पाणी सरळ फटीत शिरणार. तो जोड उलटवून पुन्हा रिव्हेट मारले. सिलिकॉन शेवटी, कोरड्या फडक्याने पुसलेल्या पत्र्यावर, आणि पुढचा अख्खा दिवस पाण्याचा थेंब लागू दिला नाही. जूनमध्ये असा कोरडा दिवस कुठून आणणार?

मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवलं नाही. त्या बाजूचं छप्पर वरून पाहिलं तर ३२ बाय १४ फूट, म्हणजे साधारण ४२ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. २५ मिलिमीटरची एक सर आली की हजार लिटरची काळी टाकी भरेल एवढं पाणी त्या एका पन्हळीतून जायचं असतं. वाट अडली तर ते भिंतीतच जाणार.

चौथ्या दिवशी पाण्याची परीक्षा. मे महिन्यात पाण्याची चणचण, म्हणून वॉशिंग मशीनचं खळबळल्याचं पाणी मी सहा बादल्या साठवून ठेवलं होतं. प्रत्येक जोडाखाली ओट्यावर जुना ‘देशदूत’ पसरला आणि पोराने लांबच्या टोकाला बादली ओतली. एका जोडाखालचा कागद नाण्याएवढा भिजला. मामा काही न बोलता पुन्हा शिडीवर चढले. कागद कोरडा निघाला तेव्हाच त्यांनी पैशाचं नाव काढलं. पन्हळीत कुठेही डबकं राहिलं नाही, हेही वाकून पाहिलं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास तयार होतो, तेव्हा कडेचा थरही काढून घ्यावा हे माझं सांगणं. मामांनी तो काढला.

पूर्ण लांबीची जाळी बसवा असं मी म्हणत होते. त्यांनी नकार दिला. कडुनिंबाची पानं बारीक, ती जाळीवर चिकटून थर धरतात आणि पाणी वरूनच उडी मारतं. त्यांनी फक्त पाइपाच्या तोंडाशी तारेचा गोळा बसवला, ६० रुपयांचा. मला ते पटलं.

उणीव म्हणाल तर दोन कौलं फुटली. ती आमच्याच परसातल्या जुन्या कौलांतून बदलून दिली, पण भिंतीवर गाळाचे काळे ओघळ राहिले ते मीच धुतले. बिल मिळत नाही, रोखच द्यावे लागतात. पाइपाचं पाणी बोअरजवळच्या खड्ड्यात सोडून द्या म्हटलं, तर ते काम त्यांचं नाही, प्लंबरला सांगा म्हणाले. मजुरी २,८०० आणि सामान १,१५०, असे ३,९५० रुपये झाले. जूनमध्ये नुसतं सिलिकॉन फासायला मी १,५०० मोजले होते.

काम झाल्यावर दहा दिवसांनी संध्याकाळी वळीव आला, गारांसकट. सासूबाई खुर्ची ओढून ओट्यावर बसल्या आणि पाइपातून पडणारी धार बघत राहिल्या. दारासमोर पागोळी नव्हती. रात्री मी त्यांच्या खोलीत टॉर्च घेऊन भिंतीला हात लावून पाहिलं, कोरडी होती.

जुलैत लिंबोळ्या पडून गेल्या की तारेचा गोळा मोकळा करायला मामा पुन्हा येणार आहेत, त्याचे ३०० वेगळे. फोन सकाळी नऊच्या आतच करा. नंतर मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही.