डीपीएफ असलेली डिझेल गाडी : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगतो : डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काम करतो, आणि चोख करतो. पण एकदा बसवला की विसरून जावं असा तो भाग नाही. गाडी कशी आणि किती अंतर चालवता यावर त्याची तब्येत अवलंबून असते. गर्दीतले रोजचे रस्ते आणि अधूनमधून महामार्ग अशी दोन्हीकडे गाडी चालवून झाल्यावर हे लिहितोय. गाडीचा पिकअप, जागा, सस्पेन्शन यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय ते मागच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या हवेबद्दल, कारण गाडी निवडताना मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. आपल्या गाडीमागे सिग्नलला उभा असलेला दुचाकीवाला तोच धूर छातीत घेतो. त्याची त्यात काय चूक?

डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, एक्झॉस्टच्या वाटेत बसवलेला सिरॅमिकचा ठोकळा. आत मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या असतात. एका नळीचं पुढचं तोंड बंद, तर शेजारच्या नळीचं मागचं. त्यामुळे धुराला सरळ वाटच मिळत नाही, सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच जावं लागतं. वायू पलीकडे जातात, काजळी अलीकडे अडकते. प्यूजोने 2000 साली 607 या गाडीत हा फिल्टर दिला. पुढे युरोपच्या धुराच्या नियमांपैकी युरो 4 ची किलोमीटरला 25 मिलिग्रॅम कणांची मर्यादा युरो 5 ने थेट 5 मिलिग्रॅमवर आणली, आणि नव्या डिझेल कारना फिल्टरशिवाय गत्यंतर राहिलं नाही.

माझ्या गाडीतला फिल्टर किती अडवतो हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून दर सर्व्हिसिंगच्या आधी, गाडी पूर्ण थंड असताना, मागच्या नळीत पांढरं फडकं आतपर्यंत फिरवून बघतो. परवाही फिरवलं. फडक्यावर फिकट करडा डाग आला, बोटाला काळं काही लागलं नाही. जुन्या डिझेल गाडीची नळी नुसती पुसली तरी हात साबणाने दोनदा धुवावा लागायचा. डीपीएफला मी पूर्ण गुण देतो ते यासाठी.

आता कटकटीचा भाग. अडकलेली काजळी कुठेतरी जायला हवी. फिल्टर भरत आला की गाडी ती आतल्या आत जाळते, यालाच रीजनरेशन म्हणतात. महामार्गावर एक्झॉस्ट पुरेसा तापलेला असतो, तेव्हा बरीच काजळी आपसूक जळते. गर्दीत मात्र तेवढी उष्णता मिळत नाही. मग इंजिन थोडं जास्तीचं डिझेल उशिरा फवारून एक्झॉस्टचं तापमान 600 अंश सेल्सिअसच्या आसपास नेतं. डॅशबोर्डवर याची काही सूचना येत नाही, निदान माझ्या गाडीत तरी नाही. पण सवयीने ओळखू येतं. उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा जरा वर राहतं, तत्क्षणीच्या ॲव्हरेजचा आकडा अचानक घसरतो, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही, आणि गाडी लावून उतरलात तर रेडिएटरचा पंखा घुंघुं करत राहतो. तापलेल्या धातूसारखा वासही येतो. नवख्याला वाटेल, गाडीत काहीतरी जळतंय.

अशा वेळी शक्य असेल तर इंजिन बंद करू नका. पाच-दहा मिनिटं जास्त चालवा, काम पुरं होऊ द्या. सारखं अर्ध्यावर तोडलं तर जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवरची पातळी चक्क वाढलेली दिसते. ऑइल कमी होतंय का, एवढंच बघायची आपल्याला सवय. या गाड्यांत ते वाढतंय का हेही बघावं लागतं. रीजनरेशन चालू असताना किंवा नुकतंच झालं असताना वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, हेही इथेच सांगून ठेवतो.

ऑइलच्या बाबतीत तडजोड नको. काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठते. म्हणून कमी राखेचं ऑइलच लागतं. पुस्तिकेत दिलेला ग्रेड डब्यावर नसेल तर तो डबा परत करा.

फिल्टर अडवतो ते कण. नायट्रोजन ऑक्साइड हे धुरातले घातक वायू त्यातून सहज निसटतात. त्यांच्यासाठी गाडीत वेगळी टाकी आहे : 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. हे द्रावण गरम एक्झॉस्टमध्ये फवारलं की अमोनिया तयार होतो आणि त्या ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर होतं. भरताना सांडलं तर झाकणाभोवती पांढरे खडे धरतात. ओल्या फडक्याने लगेच पुसलं की झालं. टाकी रिकामी होत आली की गाडी उरलेले किलोमीटर मोजून दाखवते आणि शेवटी चालूच होत नाही. काहींना हा जाच वाटतो, मला ही सक्ती रास्त वाटते. 2015 मध्ये फोक्सवॅगनच्या सॉफ्टवेअरची लबाडी उघडी पडली ती याच वायूंच्या बाबतीत : चाचणीत गाडी स्वच्छ, रस्त्यावर कैकपट घाण. अर्थात एक्झॉस्ट तापेपर्यंत युरियाचाही उपयोग नाही, म्हणजे पहिली काही मिनिटं ही गाडीसुद्धा स्वच्छ नसते.

एका मेकॅनिकने मला सुचवलं, 'फिल्टर आतून पोकळ करून टाकू, सॉफ्टवेअर बदलू, पिकअप वाढेल, कटकट संपेल.' मी साफ नकार दिला. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला त्याची मनापासून चीड आहे. कटकट संपत नाही, ती आपल्या गाडीतून निघून दुसऱ्याच्या फुफ्फुसात जाते.

म्हणून घेणाऱ्यांना स्पष्ट सांगतो. रोजचं जाणं-येणं दोन-चार किलोमीटरचं असेल तर डिझेल घेऊ नका. इंजिन तापत नाही, फिल्टर तुंबतो, हवाही बिघडते. एवढ्या अंतराला पायी, सायकलने किंवा बसने जाणं हवेसाठी कुठल्याही फिल्टरपेक्षा चांगलं, कारण ब्रेकची आणि टायरची धूळ कुठलाच डीपीएफ अडवत नाही. माझी छोटी कामं मी आता एका फेरीत उरकतो किंवा गाडी काढतच नाही. लांबचा प्रवास नियमित असेल तर मात्र ही गाडी जरूर घ्या.

जुनी डिझेल घेत असाल तर फडक्याची परीक्षा तिथेही करा, थंड गाडीवर. डीपीएफवाल्या गाडीच्या नळीत जाड काळी काजळी निघाली तर फिल्टर फुटलाय किंवा काढून टाकलाय असं समजा आणि गाडी वर घेऊन खालून तपासायला सांगा. पेट्रोलला हा नियम लावू नका. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनाची नळी सगळं ठीक असूनही काळी असू शकते.