ईसीएचएस की खासगी पॉलिसी? नाशिकच्या फौजी कुटुंबांसाठी परीक्षण

निकाल आधी सांगतो. पेन्शन घेणाऱ्या माजी सैनिकाने ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना, घ्यायचीच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. खासगी पॉलिसी तिच्या जागी नाही, तिच्या जोडीला घ्यायची, आणि तीही प्रत्येकाला लागतेच असं नाही. गोंधळ होतो तो योजना वाईट असल्यामुळे नाही. कोणता कागद कधी लागतो हे वेळेवर माहीत नसतं, म्हणून होतो.

पैशाचं गणित साधं आहे. 1 एप्रिल 2003 पासून सुरू असलेल्या या योजनेत वर्गणी आयुष्यात एकदाच भरायची. डिसेंबर 2017 च्या दरांप्रमाणे हवालदारापर्यंत 30,000 रुपये, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) 67,000 आणि अधिकाऱ्यांना 1,20,000. 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ आहे. ईसीएचएस घेतली की दरमहा 1,000 रुपयांचा वैद्यकीय भत्ता बंद होतो. म्हणजे हवालदाराची वर्गणी अडीच वर्षांच्या भत्त्याएवढी झाली. त्या बदल्यात नवरा-बायको दोघांना आयुष्यभर, खर्चाची वरची मर्यादा नसलेलं संरक्षण मिळतं. जुन्या आजारासाठी थांबायचा काळ नाही, वय वाढलं म्हणून हप्ता वाढत नाही. साखर आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या 62 वर्षांच्या माणसाला बाजारात या अटींवर कोणीही पॉलिसी देणार नाही. एक खबरदारी मात्र घ्या: सदस्य झाल्यावरही भत्ता पेन्शनमध्ये येत राहिला तर स्वतःहून कळवून बंद करा. वसुली पुढे एकरकमी होते आणि ती जड जाते.

कुटुंबात कोण बसतं यावर बऱ्याच घरांत चुकीची समजूत असते. पत्नीला उत्पन्नाची अट नाही. मुलगा 25 वर्षांचा होईपर्यंत. त्याआधी नोकरी लागली किंवा लग्न झालं तर तिथेच त्याचं नाव संपतं. मुलीला वयाची अट नाही, पण नोकरी किंवा लग्न झालं की तीही बाहेर. दिव्यांग अपत्याला वयोमर्यादा नाही. आईवडिलांचं मासिक उत्पन्न 9,000 रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेत असावं लागतं. सून आणि नातवंडं यांत कधीच येत नाहीत. अग्निवीर म्हणून चार वर्षं करून परतलेल्या मुलालाही ईसीएचएस नाही. त्याच्यासाठी वेगळी सोय पहिल्या महिन्यातच करा.

आता देवळालीचं पॉलीक्लिनिक, म्हणजे ईसीएचएसचा दवाखाना. छावणीला लष्करी रुग्णालय असल्यामुळे ज्या विभागाची सोय तिथे आहे, त्यासाठी आधी तिकडे पाठवतात. जागा किंवा तज्ज्ञ नसेल तर पॅनेलवरच्या, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेल्या, खासगी हॉस्पिटलचा रेफरल (तिकडे पाठवल्याची चिठ्ठी) मिळतो. निफाड, येवला किंवा सुरगाण्याहून येणाऱ्यांसाठी ही दोन टप्प्यांची वाट लांबची आहे, आणि योजनेचा खरा कमकुवत भाग आमच्या मते हाच. त्यामुळे एका फेरीत काम उरकायची तयारी घरूनच करून निघा: मूळ कार्ड, आधार, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, चालू औषधांची चिठ्ठी आणि तिची झेरॉक्स.

रेफरल हा या सगळ्याचा कणा आहे, म्हणून तो हातात आल्यावर खिडकीपाशीच वाचून घ्या. हॉस्पिटल निवडायचा हक्क पेशंटचा आहे, पण पॅनेल विभागवार असतं. एखादं हॉस्पिटल हृदयरोगासाठी पॅनेलवर आणि हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी नाही, असं सर्रास असतं. त्यामुळे ‘ते हॉस्पिटल ईसीएचएसला चालतं’ ही ऐकीव माहिती कामाची नाही; यादीत आपला विभाग बघा. रेफरलवर नुसतं तज्ज्ञांचं मत लिहिलं असेल तर भरती किंवा ऑपरेशनसाठी पुन्हा पॉलीक्लिनिकला यावं लागतं. तज्ज्ञ तपासण्या सांगणार हे डॉक्टरांना दिसत असेल तर तपासण्याही त्याच रेफरलमध्ये घालायची विनंती करा. रेफरलला मुदत असते; ती उलटली की हॉस्पिटलचं ऑनलाइन काम अडतं. दरपत्रकात नसलेल्या उपचाराला आधी मंजुरी लागते. ती हॉस्पिटलने मागायची, तुम्ही नाही.

वॉर्डही ठरलेला आहे. हवालदारापर्यंत जनरल, जेसीओंना सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. पॅनेलवरच्या हॉस्पिटलने डिपॉझिट मागायचं नसतं. मागितलं तर पावती घ्या आणि पॉलीक्लिनिकच्या ओआयसी (प्रभारी अधिकारी) साहेबांकडे लेखी द्या. तोंडी तक्रारीची कुठेही नोंद राहत नाही. हॉस्पिटलं का कुरकुरतात तेही समजून घ्यावं: त्यांची बिलं सरकारी दराने आणि पडताळणीनंतर निघतात, ती थकली की पॅनेलवरची हॉस्पिटलं नवे पेशंट घ्यायला मागेपुढे बघतात. यात पेशंटचा काही दोष नसतो, पण झळ त्यालाच बसते.

तातडीच्या वेळी रेफरलची वाट बघायची नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अपघात, विषबाधा, सर्पदंश अशा वेळी जवळच्या हॉस्पिटलमध्ये थेट जायचं. द्राक्षबागेत रात्री पाणी भरताना साप चावला तर दिंडोरीहून देवळाली गाठत बसू नका. हॉस्पिटल पॅनेलवरचं असेल तर कार्ड दाखवा. 48 तासांत ऑनलाइन कळवायची जबाबदारी त्यांची असते. तरी कळवलं का, हे दुसऱ्या दिवशी विचारा. हॉस्पिटल पॅनेलबाहेरचं असेल तर मात्र 48 तासांत जवळच्या पॉलीक्लिनिकला घरच्यांनी कळवायचं, कोणाला आणि किती वाजता कळवलं ते लिहून ठेवायचं. बिल आधी आपण भरायचं आणि परतावा मागायचा. परतावा सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या) दराने मिळतो, प्रत्यक्ष बिलाच्या रकमेने नाही. वरचा फरक खिशातून जातो, आणि मोठ्या ऑपरेशनला तो बराच असतो. सुटी मिळायच्या आधीच हे मागून घ्या: तातडीचं प्रमाणपत्र, बाबवार बिल (नुसतं एकूण पॅकेज नको), डिस्चार्ज समरी, औषधांची पावत्यांसह यादी, स्टेंट किंवा इम्प्लांटचं स्टिकर. आठ दिवसांनी तातडीचं प्रमाणपत्र मागायला गेलात की सही करणारे डॉक्टर रजेवर असतात. पेशंट स्थिर झाला की पुढचं काय, हे पॉलीक्लिनिकला विचारून ठरवा.

औषधांच्या खिडकीवर नाराजी जास्त असते. तिथे औषध ब्रँडने नाही, घटकाने मिळतं. पाकीट बदललं म्हणून औषध बदललं असं नसतं. चिठ्ठीवरचा घटक आणि मिलिग्रॅम जुळवा. साठ्यात नसेल तर चिठ्ठीवर ‘उपलब्ध नाही’ असा शेरा आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. त्याशिवाय बाहेरून घेतलेल्या औषधाचा परतावा अडतो. रोजच्या गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी या, शेवटच्या गोळीवर नको.

कार्ड काढताना सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावांवरून. पत्नीचं नाव डिस्चार्ज बुकात ‘सुनंदाबाई’, आधारवर ‘सुनंदा’ आणि पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) तिसरंच, जन्मतारखेचंही तसंच. आधार दुरुस्त करून भागत नाही, कारण मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसची धरली जाते. लग्न किंवा मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (सेवानोंदीत तशी नोंद करणारा लष्करी आदेश) झालेली नसेल तर आधी ती करून घ्यावी लागते. तोपखान्याच्या जवानांचं बरं आहे, त्यांचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पमध्येच आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांना बेळगावला आणि महार रेजिमेंटवाल्यांना सागरला लिहावं लागतं, तर त्यांनी निवृत्तीच्या आधीच सहा महिने हे काम धरावं. पेन्शनच्या नोंदीतला फरक ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरून दुरुस्त होतो. कागद कुठे अडला ते कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

मग खासगी पॉलिसी कोणाला? ज्यांच्या गावाजवळ पॅनेलवरचं हॉस्पिटल नाही त्यांना, पंचविशी ओलांडलेल्या मुलांना, आणि मुलाच्या बायकापोरांना. एप्रिल 2024 पासून जुन्या आजारासाठीचा थांबायचा काळ जास्तीत जास्त 36 महिने आहे आणि सलग 60 महिने पॉलिसी चालवली की, फसवणूक सोडता, माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला. पण खोलीभाड्याची अट वाचल्याशिवाय सही नको. उदाहरण म्हणून आरोग्य संजीवनी ही पॉलिसी बघा: 3 लाखांच्या पॉलिसीत खोली दिवसाला 5,000 रुपयांपर्यंत. 8,000 ची खोली घेतली आणि हॉस्पिटलचे दर खोलीप्रमाणे बदलत असतील, तर सर्जनच्या 40,000 च्या फीमधले 25,000 च धरले जातात, वर मान्य रकमेतले 5 टक्के आपल्यालाच भरावे लागतात. स्वस्त हप्त्याचा अर्थ असा बिलाच्या वेळी कळतो. ईसीएचएस असलेल्या जोडप्याला मोठी पॉलिसी घेण्यापेक्षा मोठ्या डिडक्टिबलचा (ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च आपला, त्यापुढचा विम्याचा) सुपर टॉप-अप परवडतो. एकच बिल दोन्हीकडे पूर्ण मागता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. आणि बँकेच्या डिफेन्स पॅकेज खात्यावर मिळणारं कव्हर बहुधा अपघाताचं असतं. त्याला आरोग्य विमा समजू नका.

सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड काढा असा आग्रह होतो. त्यात वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, पण ईसीएचएसवाल्यांना दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. मर्यादा नसलेली ईसीएचएस, जिच्यात ओपीडी आणि रोजची औषधंही येतात, ती सोडून 5 लाखांच्या भरतीच्या कव्हरवर जाणं आमच्या मते तोट्याचं आहे. शिबिरात अंगठा देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नीट समजावून सांगा. सून-नातवंडांचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे. ती त्यांच्यासाठी पाहून ठेवा.

सदस्य गेल्यानंतरही पत्नीचा हक्क राहतो आणि नव्याने वर्गणी लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद जोडून तिने स्वतःच्या नावे मुख्य कार्डासाठी अर्ज करायचा, आणि गेलेल्या सदस्याचं कार्ड पॉलीक्लिनिकमध्ये जमा करायचं. कुटुंब पेन्शनमध्ये वैद्यकीय भत्ता चुकून सुरू झाला नाही ना, हे पहिल्याच महिन्याच्या पेन्शन स्लिपवर बघायचं.