कॉमर्सच्या पोरांनी कोणता कॅल्क्युलेटर घ्यावा: साधा, सायंटिफिक की फायनान्शियल?

माझ्या भाच्यानं बारावीनंतर सीए फाउंडेशनला नाव घातलं, तेव्हा लातूरच्या गंजगोलाईत जाऊन आम्ही कॅल्क्युलेटर घेतला. दुकानदार म्हणाला, "सायंटिफिकच न्या, पुढं कामाला येतो." सहा महिने पोरानं त्यावरच सराव केला. परीक्षेच्या सूचना नीट वाचल्या तेव्हा कळलं की हा आत चालतच नाही. शेवटचे पंधरा दिवस बोटांना नवं वळण लावण्यात गेले. त्याची ती घालमेल पाहिली, म्हणून हे लिहितोय.

सीएच्या परीक्षेचा नियम सरळ आहे: बॅटरीवर चालणारा, आवाज न करणारा, जास्तीत जास्त 6 फंक्शन, 12 अंक आणि 2 मेमरी. म्हणजे सीए करायचं असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. फाउंडेशनच्या गणित-सांख्यिकीच्या पेपरातलं प्रमाण विचलनही साध्यावरच काढावं लागतं.

पण साध्याला कमी लेखू नका. अकाउंट्सचं काम म्हणजे लांबलचक बेरजा, आणि त्यासाठीच तो बनलाय. समजा आडतीची पट्टी करायची आहे. 7 क्विंटल 35 किलो सोयाबीन 4,450 च्या भावानं, दुसरा ढीग 5 क्विंटल 80 किलो 4,380 नं. पहिला गुणाकार करून एम प्लस (म्हणजे मेमरीत जमा), दुसरा करून एम प्लस. हमाली-तोलाईचे 210 एम मायनस, म्हणजे मेमरीतून वजा. मेमरी बघितली की 57,901.50. कागदावर मधला एकही आकडा उतरवावा लागला नाही. सायंटिफिकवरही मेमरी असते, पण बटणं बारीक, एकेका बटणावर दोन-तीन कामं, आणि सगळ्या उत्तरांची एकूण बेरीज दाखवणारं जीटीचं (ग्रँड टोटल) बटण नसतं. दिवसभर आकडे मारणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

आणखी एक, ज्यात पोरं हमखास फसतात. 200 + 300 × 4 मारलं तर साधा ओळीनं जातो आणि 2,000 दाखवतो. सायंटिफिक आधी गुणाकार करतो, उत्तर 1,400. दोन्ही आपापल्या रीतीनं बरोबर. पण एकाची सवय लागलेली बोटं दुसऱ्यावर चुकतात. म्हणून परीक्षेत जो न्यायचा, त्यावरच पहिल्या दिवसापासून सराव करा.

सायंटिफिक खरा उपयोगी पडतो तो सांख्यिकी आणि फायनान्सला. कॅसिओच्या एफएक्स-82एमएस सारख्या स्वस्त मॉडेलवरही मोड बदलून आकडे भरले की मध्य आणि प्रमाण विचलन तयार मिळतं, सहसंबंध गुणांकसुद्धा. कर्जाचा हप्ता बघा: एक लाख रुपये, वर्षाला 12 टक्के म्हणजे महिन्याला 1, 60 महिने. सायंटिफिकवर 1.01 चा उणे साठावा घात एका झटक्यात येतो आणि कंस लावून हप्ता 2,224 रुपये निघतो. साध्यावर 1 ÷ 1.01 करून बरोबरचं बटण साठ वेळा दाबायचं, मग एक लाखाला जीटीनं भागायचं. उत्तर तेच येतं, पण मोजणीत एक दाब चुकला की सगळं पाण्यात. त्यामुळं बीबीए, एमबीए किंवा सांख्यिकी जास्त असलेला अभ्यासक्रम असेल तर सायंटिफिकचे पैसे वसूल होतात. फक्त तुमचं विद्यापीठ, नांदेडचं असो की संभाजीनगरचं, परीक्षेत काय चालू देतं ते कॉलेजात विचारूनच घ्या.

फायनान्शियल कॅल्क्युलेटरवर हाच हप्ता मुदत, व्याज आणि मुद्दल भरलं की आपोआप येतो. पण तो बराच महाग. सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा) करणाऱ्यानं घ्यावा, कारण तिथं टीआयचा (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) बीए टू प्लस आणि एचपीचा 12सी एवढेच चालतात. बाकीच्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझं मत विचाराल तर बी.कॉम. आणि सीएवाल्यांनी 12 अंकी साधाच घ्यावा, मोठ्या बटणांचा. दुकानातच तपासून घ्या: 1 ÷ 1.1 मारा, बरोबरचं बटण तीनदा दाबा, मग जीटी. 2.4868 आलं पाहिजे. काही मॉडेलवर यासाठी आधी 1.1 मारून ÷ दोनदा दाबावं लागतं, मग 1 आणि बरोबर तीनदा. तेही करून बघा. तरीही आलं नाही तर दुसरा दाखवा म्हणायचं.