हळदीचं बेणं: झाडाखालचा ढीग, खड्डा की ऐन वेळी विकत?

हळद शिजायला गेली की सगळ्यांचं लक्ष भावाकडे लागतं आणि बेणं, म्हणजे पुढच्या लागणीसाठी राखलेले गड्डे, मागे पडतं. फेब्रुवारी-मार्चात बाजूला काढलेले गड्डे मातीत जाणार अक्षय तृतीयेनंतर, कुणाचे जूनच्या तोंडावर. मधले दोन-अडीच महिने बेणं झोपलेलं असतं आणि नेमका तेव्हाच उन्हाळा तापतो. एकरी साधारण १० क्विंटल बेणं लागतं, त्यामुळे चार टोपल्या पडवीत सरकवून भागत नाही.

जागा ठरवण्याआधी एक बघा: ज्या रानातलं बेणं धरणार आहात, तिथे कंदकूज, म्हणजे जमिनीतले गड्डे कुजवणारा रोग, होती का? असेल तर घरचं बेणं ठेवूच नका. कितीही चांगलं साठवा, रोग गड्ड्याबरोबर मुक्कामाला असतो. रान निरोगी असेल तर ५० ग्रॅमच्या पुढचे जेठे (मुख्य, मातृ) गड्डे निवडा. ते कमी पडले तर ४० ग्रॅमच्या पुढचे बगल (बाजूला फुटलेले) गड्डे, आणि अगदीच नाइलाज झाला तर ३० ग्रॅमच्या पुढची हळकुंडं.

झाडाखालचा ढीग ही आपल्याकडची जुनी, बिनखर्चाची रीत. आंब्या-चिंचेची दाट सावली, जरा उंच जागा, खाली पाल्याचा थर, त्यावर गड्ड्यांचा निमुळता ढीग आणि वरून हळदीचाच वाळका पाला. पैसे वाचतात हे खरं, पण मला ही रीत आवडते ती बेणं बघता येतं म्हणून. आठ-दहा दिवसांनी पाला सारायचा आणि कोपरापर्यंत हात आत घालायचा. गार लागलं तर पाला परत लोटून घरी या. ऊब लागली तर आत काहीतरी कुजतंय, ढीग त्याच दिवशी मोकळा करायचा. अंगठ्याने दाबल्यावर दबणारा, आंबूस वासाचा गड्डा दिसला की त्याला चिकटलेले शेजारीही बाहेर.

ढिगाची दुखणी दोन. एक, दुपारची झळ. एप्रिलात मराठवाड्यात वरच्या थरातले गड्डे सुरकुततात. शिवाय सावली फिरते. सकाळी अकराला दाट वाटलेलं बांधावरचं एकटं झाड चार वाजता ढीग उन्हात सोडून देतं. दुसरं, वळीव. एका वर्षी पाऊस आला म्हणून मी घाईत मेणकापड टाकलं आणि लग्नसराईच्या गडबडीत चार दिवस तसंच राहिलं. उघडलं तेव्हा तोंडावर वाफ आली. कापड टाकायचंच तर पाऊस पडतोय तेवढ्यापुरतं.

खड्ड्यात झळ लागत नाही, गड्डे टवटवीत राहतात. तळाला आणि थराथरात कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा, वर फळ्या, हवेसाठी फळ्यांना एक-दोन भोकं. कोझिकोडची भारतीय मसाला पिके संशोधन संस्थाही ही पद्धत सांगते. तिकडे केरळात खड्ड्यात काजऱ्याचा पालाही घालतात. पण खड्डा मुरमाड, निचऱ्याच्या, उंचवट्यावरच्या जमिनीत. काळ्या रानात एक जोराचा वळीव पडला की पाणी आत उतरतं आणि वरून काहीच कळत नाही. लागणीला उघडाल तेव्हाच समजेल.

‘सांगलीजवळ हरिपूरला पेवात, जमिनीखालच्या कोठारात, हळद वर्षानुवर्षं राहते की!’ असं कुणीतरी म्हणतंच. राहते, पण ती शिजवून वाळवलेली, खणखणीत हळद. बेणं जिवंत असतं, श्वास घेतं. पेवासारखं हवाबंद केलं तर गुदमरून मरेल. आणि पाण्यापुढे पेवांचंही काही चालत नाही, हे २००५ च्या पुराने दाखवलंच आहे.

ऐन वेळी विकत घ्यायचं तर साठवणीची कटकट नाही, पण बेणं कुठल्या रानातून आलंय ते कळत नाही. सेलम वाण म्हणून आणलेल्यात सरमिसळ निघते, आणि ती कळेपर्यंत पीक गुडघ्याला आलेलं असतं. वाण बदलायचा असेल किंवा घरच्या रानात कूज असेल तरच या वाटेला जा. तेही काढणीच्या वेळीच विकणाऱ्याच्या शेतात जाऊन, गड्डे बघून, सौदा करून. ट्रेमध्ये एका डोळ्याची रोपं करण्यात बेणं बरंच वाचतं, पण रोपांसाठीही तोवर बेणं टिकवावं लागतंच.

माझं म्हणाल तर, घरातून दिसणारं दाट सावलीचं झाड असेल तर ढीगच करा. सावली नाही, ऊन कडक आणि जमीन मुरमाड असेल तर खड्डा. काळी जमीन आणि सावलीही नाही, अशा वेळी गोठ्यातला किंवा शेडमधला हवेशीर कोपरा धरा आणि तिथेही पाल्याखाली ढीगच करा. काहीही केलंत तरी १० क्विंटलच्या जागी १२ ठेवा. लागणीआधी निवडताना थोडं बाद होतंच. उरलेलं बेणं लिटरला ३ ग्रॅम मँकोझेब या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, हातमोजे घालून, आणि सावलीत सुकवून मग सरीवर न्या.