सेकंडहँड डी३५०० की नवा आर५०? आधी लेन्सचं बोलू

भाचीला पहिला कॅमेरा घ्यायचाय आणि घोडं दोन नावांवर अडलंय, फोर्टात बोरा बाजारला बघून आलेला सेकंडहँड निकॉन डी३५०० की नवाकोरा कॅनन आर५०. मी विचारलं, फोटो कसले काढणार तू? तर म्हणाली आजीचे, गणपतीचे, आणि ससून डॉकची पहाट.

म्हणजे सगळं कमी उजेडातलंच की. कॅमेऱ्यासोबत येते ती किट लेन्स इथेच मार खाते. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, आणि निकॉनची १८-५५ एमएम ही एफ ३.५ ते ५.६, आर५०ची १८-४५ तर त्याहून अंधारी, ४.५ ते ६.३. त्यापेक्षा डी३५००वर ३५ एमएम एफ १.८ लावली तर किटच्या सहापट तरी उजेड आत येतो, म्हणजे समईच्या उजेडात जो फोटो १/१५ सेकंदाला हलायचा तो १/९० सेकंदाला निघतो आणि आजीचा निरांजनाचा हात स्पष्ट येतो. सगळे ५० एमएम घ्या म्हणतात पण या कॅमेऱ्यांच्या छोट्या सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) ती ७५-८० सारखी वागते, म्हणजे सगळं जवळ आणते, आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी दोन माणसं मावत नाहीत. आर५०ला स्वस्तात ५० एफ १.८ मिळते, नाहीतर २८ एफ २.८, ती खोलीत चालेल पण उजेड कमी.

आता आर५० कुठे भारी आहे तेही सांगते. डोळा पकडून फोकस धरून ठेवतो, स्क्रीन फिरते, फोर के व्हिडिओ आहे, आणि फोटो काळा येणार की पांढरा ते बटण दाबायच्या आधीच दिसतं, शिकणाऱ्याला याचा खूप फायदा. डी३५०० निकॉनने बंद केलाय, त्याचा व्हिडिओ फोकस हळू, पण कंपनीच्या मोजणीत एका चार्जला १५५० फोटो, विसर्जनाला लालबागला दिवसभर उभं राहायचं तर हे फार मोठं आहे. आर५० घेतलात तर जास्तीची बॅटरी धरूनच बजेट करा.

अजून एक, निकॉनची जुनी एएफ-डी लेन्स कुणी स्वस्तात देत असेल तर थांबा, डी३५००मध्ये अशा लेन्सचा फोकस फिरवणारी मोटर नाही, ऑटोफोकस होणारच नाही, डब्यावर एएफ-एस किंवा एएफ-पी बघा, त्यांच्यात स्वतःची मोटर असते.

सेकंडहँड लेन्स दुकानातच पुढची-मागची झाकणं काढून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की ती बुरशी, कितीही स्वस्त दिली तरी परत ठेवा. माझी एक चांगली लेन्स एका पावसाळ्यात कपाटात अशीच गेली, अजून वाईट वाटतं. तेव्हापासून हवाबंद डबा आणि सिलिका जेल, जेल दर थोड्या दिवसांनी वाळवून परत.

भाचीला मी डी३५०० आणि ३५ एमएमच सांगितलंय. रील्स आणि व्हिडिओ जास्त करणार असती तर आर५० म्हणाले असते. शनिवारी दोघी जातोय बोरा बाजारला, टॉर्च घेऊन.