रताळी उक्ती द्यायची की स्वतः काढायची: हायगेन्स आणि बर्नुली

खानापूर तालुक्यातला भाचा पेचात आहे. व्यापारी उभ्या रताळ्याचे उक्ते, म्हणजे न मोजता ठोक, 45,000 देतो. स्वतः काढून बेळगावच्या मार्केट यार्डात नेली, तर खर्च जाऊन 80,000 उरतील किंवा 20,000, शक्यता निम्मी-निम्मी. बांधाजवळचा एक वेल उपटून बघितला: तीन जाड कंद, एकाला कीड. एका वेलावरून शेत कळत नाही.

डच गणिती हायगेन्सचा हिशोब 1657 चा, पास्कल-फर्मा या फ्रेंच गणितींच्या शक्यतेवरच्या 1654 च्या पत्रव्यवहारानंतरचा. 80,000 आणि 20,000 ची सरासरी 50,000, उक्त्यापेक्षा जास्त, म्हणून काढ. करायला सोपा, पण घरात काय आहे हे तो विचारतच नाही.

स्विस गणिती डॅनियल बर्नुलीने 1738 मध्ये नेमकं तेच विचारलं. निम्म्या शक्यतेने 20,000 डुकाट (सोन्याची नाणी), नाहीतर काहीच न देणारं तिकीट गरिबाने 9,000 ला विकलं, तर तो चुकला का? त्याच्या मते नाही. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. त्याच्या रीतीत घरातली शिल्लक प्रत्येक रकमेत मिळवायची आणि दोन्ही शेवटांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं. भाच्याकडे 10,000 आहेत. म्हणजे 90,000 किंवा 30,000. वर्गमूळ साधारण 52,000. उक्ते दिले तर 55,000. दे! शिल्लक पाच लाख असती, तर हीच रीत काढ म्हणाली असती.

मेहनत बर्नुलीला जास्त, पण ती पाच मिनिटांची.

दरवर्षी पाच-सहा शेतं करणाऱ्याला, एखादं बुडालं तरी चालणाऱ्याला, हायगेन्स पुरतो. एकाच शेतावर सोसायटीचा हप्ता असेल, तर बर्नुली.